५५ माणसांचं व्हॉट्सॲप: कुणी बनवलं, का विकलं आणि बनवणारेच सोडून का गेले?

जून २०२५ मध्ये मेटाने जाहीर केलं की व्हॉट्सॲपच्या ‘अपडेट्स’ टॅबमध्ये आता जाहिराती दिसणार. म्हणजे मावशीच्या घरच्या गणपतीचं स्टेटस बघून पुढे गेलं, की मित्राच्या ट्रेकचे फोटो यायच्या आधी मध्येच एखाद्या कंपनीची जाहिरात. बऱ्याच जणांना यात काही विशेष वाटलं नसेल. ॲप फुकट आहे, मग जाहिरात येणारच.

पण ही कंपनी छोटी होती तेव्हा तिच्या एका संस्थापकाच्या टेबलावर एक चिठ्ठी असायची. त्यावर हाताने लिहिलेलं होतं: जाहिराती नाहीत, गेम्स नाहीत, फालतू करामती नाहीत. खाली सही होती दुसऱ्या संस्थापकाची.

चिठ्ठी लिहिणारा आणि ती टेबलावर ठेवणारा, दोघंही आज व्हॉट्सॲपमध्ये नाहीत. एकाने तर ‘फेसबुक डिलीट करा’ असं जाहीर सांगितलं, आणि तेही फेसबुकच्याच पैशांनी अब्जाधीश झाल्यावर. ही माणसं नेमकी कोण होती आणि त्यांच्या चिठ्ठीचं पुढे काय झालं, हे समजून घेऊया.

थोडक्यात माहिती

- कंपनीची नोंदणी: २४ फेब्रुवारी २००९, कॅलिफोर्निया
- संस्थापक: जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन
- विक्री: फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकला, १९ अब्ज डॉलर्सचा सौदा
- विक्रीच्या वेळी कर्मचारी: ५५
- विक्रीच्या वेळी वापरकर्ते: महिन्याला ४५ कोटी

जॅन कूम: फोनवर मोकळं बोलता न येणाऱ्या देशातला मुलगा

जॅन कूमचा जन्म १९७६ चा, युक्रेनमधला. युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघात होता. कीव्ह शहराजवळच्या फास्तिव्ह गावात तो वाढला. वडील बांधकामाच्या क्षेत्रात, आई गृहिणी, हा एकुलता एक. घरात गरम पाण्याची सोय नव्हती. फोन वापरायलाही घरचे बिचकायचे, कारण सरकार फोन ऐकतं ही भीती. महत्त्वाचं काही असलं की आई म्हणायची, हे फोनवर बोलायचं नाही, भेटल्यावर सांगते. ही आठवण जॅनने पुढे स्वतः लिहिली आहे.

१९९२ मध्ये तो सोळा वर्षांचा असताना आईसोबत अमेरिकेत आला. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू या गावात सरकारी मदतीतून त्यांना दोन खोल्यांचं छोटं घर मिळालं. तिकडे वह्या-पेनांवर खर्च नको म्हणून आईने येताना सोव्हिएत बनावटीच्या वीस वह्या आणि पेनं बॅगेत भरून आणली होती. ती लोकांची मुलं सांभाळायची आणि जॅन किराणा दुकानात झाडू मारायचा. अन्नासाठी सरकारी कुपनं मिळायची, त्यासाठी दोघं रांगेत उभे राहायचे. पुढे आईला कॅन्सर झाला आणि आजारपणाच्या सरकारी भत्त्यावर घर चालू लागलं. १९९७ मध्ये वडील युक्रेनमध्येच गेले, २००० मध्ये आईही गेली.

कॉम्प्युटर नेटवर्किंग तो स्वतःच शिकला. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तकं विकत आणायची, वाचून झाली की त्याच दुकानाला परत द्यायची. सॅन होजेच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश घेतला आणि सोबत सिस्टीमची सुरक्षा तपासायचं काम धरलं. या कामासाठी १९९७ मध्ये तो याहूच्या ऑफिसात गेला. तिथे टेबलाच्या पलीकडे बसला होता ब्रायन ॲक्टन.

ब्रायन ॲक्टन: जाहिरातींचं काम करून जाहिरातींना वैतागलेला

ब्रायन जॅनपेक्षा चार वर्षांनी मोठा, जन्म मिशिगनचा, शिक्षण स्टॅनफर्डमधून कॉम्प्युटर सायन्सचं. याहूचा तो ४४ वा कर्मचारी. सहा महिन्यांत जॅनही याहूत लागला. कॉलेज सुरूच होतं. पण नोकरीला दोनच आठवडे झाले असताना याहूचा सर्व्हर बंद पडला. संस्थापक डेव्हिड फिलोने फोन केला, तर जॅन वर्गात बसलेला. वर्गात काय करतोयस, असं फिलोने झापलं आणि जॅनने पुढे कॉलेजच सोडून दिलं.

आई गेल्यावर जॅन एकटा पडला होता. ब्रायनने त्याला घरी बोलवायला, खेळायला न्यायला सुरुवात केली. मैत्री घट्ट झाली ती तेव्हा.

याहूत दोघांनी नऊ वर्षं काढली. ब्रायनकडे जाहिरातींच्या यंत्रणेचंही काम आलं. जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवण्यासाठी माणसाची माहिती कशी गोळा होते, हे त्याने जवळून पाहिलं आणि त्याला ते आवडलं नाही. व्हॉट्सॲपवर जाहिराती नकोत, हा आग्रह दोघांच्या याहूतल्या अनुभवातून आलेला होता.

२००७ मध्ये दोघांनीही राजीनामा दिला. दक्षिण अमेरिका फिरून आले. परत आल्यावर नोकरीसाठी फेसबुककडे अर्ज केले. फेसबुकने दोघांनाही नाकारलं. ब्रायनला ट्विटरनेही नकार दिला. हे नकार त्याने २००९ मध्ये ट्विटरवरच जाहीर करून टाकले. ती ट्विट्स पुढे व्हायरल झाली, पण पाच वर्षांनी, फेसबुकने त्यांची कंपनी विकत घेतल्यावर.

सुरुवात झाली ती स्टेटसपासून

जानेवारी २००९ मध्ये जॅनने आयफोन घेतला. ॲप स्टोअर सुरू होऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. त्याच्या डोक्यात एक साधी कल्पना आली: फोनमधल्या प्रत्येक नावापुढे त्या माणसाचं स्टेटस दिसावं. ‘जिममध्ये आहे’, ‘बॅटरी संपतेय’, ‘कामात आहे’. म्हणजे फोन करायच्या आधीच कळेल. मित्र अ‍ॅलेक्स फिशमनच्या घरी या कल्पनेवर तासन्‌तास चर्चा झाली. ॲप बनवायला रशियातला एक डेव्हलपर, इगोर सोलोमेनिकोव्ह, इंटरनेटवरून शोधला. ‘व्हॉट्स अप’ म्हणजे ‘काय चाललंय?’, त्यावरून नाव ठरलं व्हॉट्सॲप. कंपनीची नोंदणी झाली जॅनच्या वाढदिवशी.

सुरुवातीला ॲप सारखं बंद पडायचं. मोजक्या मित्रांनी घेतलं होतं, तेही फारसं वापरत नव्हते. जॅन सगळं सोडून नोकरी शोधायच्या विचारात होता. आत्ता सोडलंस तर मूर्ख ठरशील, अजून काही महिने दे, असं ब्रायनने त्याला सुनावलं.

जून २००९ मध्ये ॲपलने पुश नोटिफिकेशन आणलं, म्हणजे ॲप उघडलेलं नसतानाही सूचना येऊ लागली. आता कुणी स्टेटस बदललं की सगळ्या मित्रांचे फोन वाजायचे. आणि लोकांनी गंमत सुरू केली. एकाने लिहायचं ‘उठायला उशीर झाला’, दुसऱ्याने स्वतःच्या स्टेटसमध्येच उत्तर द्यायचं. स्टेटस आपोआप गप्पांसाठी वापरलं जाऊ लागलं. जॅनने ते ओळखलं आणि पुढच्या आवृत्तीत थेट मेसेजची सोय दिली. वापरणारे अडीच लाखांवर गेले.

ब्रायनने याहूतल्या पाच जुन्या सहकाऱ्यांकडून अडीच लाख डॉलर्स उभे केले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तो सहसंस्थापक म्हणून कामाला लागला. ऑफिस म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या जागेत भाड्याने घेतलेली काही टेबलं. थंडी वाजली की अंगावर ब्लँकेट घेऊन काम. बाहेर पाटीसुद्धा नाही. सेक्वोया या नामांकित गुंतवणूक कंपनीच्या जिम गोट्झला त्यांना गाठायलाच महिने लागले. २०११ मध्ये सेक्वोयाने ८० लाख डॉलर्स गुंतवले.

५५ माणसं पुरली कशी?

४५ कोटी वापरकर्ते आणि ५५ कर्मचारी, त्यातही इंजिनिअर फक्त ३२. म्हणजे एका इंजिनिअरमागे जवळपास १ कोटी ४० लाख लोक. हे जमलं ते काही विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांमुळे.

- आयडी-पासवर्ड नाही. फोन नंबर हीच ओळख. मित्र शोधायचे नाहीत, फोनबुकमध्ये आहेत तेच मित्र.
- मेसेज साठवायचा नाही. समोरच्याच्या फोनवर पोहोचला की सर्व्हरवरून काढून टाकायचा. त्यामुळे साठवणुकीचा खर्च कमी.
- एरलँग ही भाषा. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार केलेली ही प्रोग्रामिंग भाषा. एकाच वेळी लाखो जोडण्या सांभाळणं हेच तिचं बलस्थान. २०१२ च्या सुमारास व्हॉट्सॲपच्या एकेका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त फोन एकाच वेळी जोडलेले असायचे.
- जास्तीचं काही नाही. गेम नाहीत, जाहिराती नाहीत. त्यामुळे त्या विकणारी, मोजणारी, माहिती गोळा करणारी माणसंही नाहीत.

मग पैसे कुठून यायचे? काही ठिकाणी ॲप घेतानाच एक डॉलर घ्यायचे. पुढे पहिलं वर्ष फुकट आणि नंतर वर्षाला साधारण एक डॉलर, असा दर ठरला. खर्च मोठा होता तो नंबर पडताळणीच्या एसएमएसचा. नवीन लोक इतके येत की कधीकधी वाढ आवरायला ॲप मुद्दाम पैसे घेऊन दिलं जायचं. तरी लोक येतच राहिले.

आपल्याकडे इतकं का पसरलं?

२०१०-११ च्या आसपास कॉलेजात असलेल्यांना ‘ब्लॅकआउट डे’ आठवत असेल. एरवी स्वस्त पॅकमध्ये ढीगभर एसएमएस करता यायचे, पण दिवाळी किंवा ३१ डिसेंबर आला की पॅक चालायचा नाही, प्रत्येक मेसेजचे पूर्ण पैसे कापले जायचे. त्यातच सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. ती नोव्हेंबरमध्ये २०० केली. अशा वेळी इंटरनेटवरून हवे तितके मेसेज पाठवणारं ॲप मिळालं, तर कोण नाही म्हणेल?

दुसरं कारण म्हणजे नोकिया. व्हॉट्सॲपची टीम आयफोनवर थांबली नाही. भारतात हातोहाती असलेल्या नोकियाच्या साध्या मॉडेलांवरही त्यांनी ॲप चालवून दाखवलं. २०१३ च्या नोकिया आशा २१० वर तर काही देशांत व्हॉट्सॲपचं वेगळं बटणच होतं. २०१९ पर्यंत भारतातले वापरकर्ते ४० कोटींवर गेले. व्हॉट्सॲपसाठी ही जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ.

१९ अब्जांचा सौदा आणि त्यातला भारतीय

२०११ मध्ये या छोट्या टीममध्ये नीरज अरोरा आला. आयआयटी दिल्लीचा इंजिनिअर, हैदराबादच्या आयएसबीतून एमबीए, त्याआधी गुगलमध्ये कंपन्या विकत घेण्याच्या विभागात काम. व्हॉट्सॲपच्या व्यवसायाची बाजू तो बघायचा. फेसबुकसोबतच्या वाटाघाटींतही तो होता.

नीरजने २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं की फेसबुकने तेव्हा काय काय कबूल केलं होतं: एन्क्रिप्शनला पूर्ण पाठिंबा, जाहिराती कधीच नाहीत, ॲपचे निर्णय घ्यायचं स्वातंत्र्य, जॅनला संचालक मंडळात जागा आणि माउंटन व्ह्यूमध्येच वेगळं ऑफिस.

१९ फेब्रुवारी २०१४ रोजी सौदा जाहीर झाला. ४ अब्ज डॉलर्स रोख, १२ अब्जांचे शेअर आणि पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारे ३ अब्जांचे शेअर. सह्या करायला जॅन, ब्रायन आणि जिम गोट्झ ऑफिसपासून जवळच, रेल्वे रुळांपलीकडच्या एका बंद पडलेल्या पांढऱ्या इमारतीपाशी गेले. जॅन आणि त्याची आई अन्नाच्या कुपनांसाठी रांगेत उभे राहायचे ते सरकारी कार्यालय हेच. कागद त्याच्या दाराला टेकवून जॅनने सह्या केल्या.

महिन्याभरात जॅनने एक लेख लिहिला. त्यात युक्रेनमधलं बालपण आणि आईचं ते फोनवरचं वाक्य सांगून त्याने वापरकर्त्यांना आश्वासन दिलं: आमची तत्त्वं बदलावी लागणार असती, तर हा सौदा आम्ही केलाच नसता.

मग बिनसलं कुठे?

क्रमाने बघूया.

जानेवारी २०१६: वर्षाचा एक डॉलर बंद. व्हॉट्सॲप पूर्ण फुकट. वापरणाऱ्यांना बरं वाटलं, पण ॲपची स्वतःची कमाईही थांबली.

एप्रिल २०१६: सगळ्या मेसेज आणि कॉल्सना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि फक्त समोरच्याच्या फोनवर उघडतो. मध्ये कंपनीलाही वाचता येत नाही. जॅन आणि ब्रायनच्या काळातलं सर्वांत मोठं काम हेच.

ऑगस्ट २०१६: गोपनीयता धोरण बदललं. वापरकर्त्याचा फोन नंबर आणि वापराची काही माहिती फेसबुकला देण्याची सोय झाली. दोन्हीकडची खाती आपोआप जोडणं भरवशाने शक्य नाही, असं फेसबुकने सौद्याच्या वेळी युरोपीय आयोगाला सांगितलं होतं. ही दिशाभूल ठरवून आयोगाने मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला.

सप्टेंबर २०१७: ब्रायनने कंपनी सोडली. आणखी सुमारे वर्षभर थांबला असता तर उरलेले शेअर हातात पडले असते. त्यांची किंमत होती सुमारे ८५ कोटी डॉलर्स. ती सोडून तो गेला. स्टेटसमध्ये जाहिराती आणायच्या आणि व्यवसायांना मेसेजची साधनं विकायची, हे फेसबुकचे बेत त्याला पटले नव्हते. खूप मेसेज पाठवणाऱ्यांकडून अगदी थोडे पैसे घ्यावेत, असा पर्याय आपण दिला होता पण तो नाकारला गेला, असं त्याने वर्षभराने ‘फोर्ब्स’च्या मुलाखतीत सांगितलं. आपण वापरकर्त्यांची गोपनीयता विकली, अशी कबुलीही त्याच मुलाखतीत दिली.

मार्च २०१८: केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण गाजत असताना ब्रायनने ट्विट केलं, आता वेळ झाली आहे, फेसबुक डिलीट करा.

एप्रिल २०१८: जॅननेही बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. स्वतःच्या पोस्टमध्ये त्याने कुणावर टीका केली नाही. गाड्या आणि खेळ यांना वेळ द्यायचा आहे, एवढंच लिहिलं. पण गोपनीयतेवरून फेसबुकशी मतभेद झाल्याची बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दिली होती. त्याच वर्षअखेरीस नीरजही बाहेर पडला.

फेसबुकची बाजूही आहे. तिथले वरिष्ठ अधिकारी डेव्हिड मार्कस यांनी ब्रायनच्या मुलाखतीवर कडक टीका केली. ज्यांनी तुम्हाला अब्जाधीश केलं आणि वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं, त्यांच्यावरच हल्ला करायचा, असा त्यांचा सूर होता. हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे: जाहिरातींवरच चालणाऱ्या कंपनीला ॲप विकताना, पुढे काय होईल याची कल्पना दोघांना नव्हती का?

कुलूपबंद मेसेजची दुसरी बाजू

टीमने केलेल्या निवडींची एक वेदनादायक बाजू महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. देशात इतरत्रही अशा हत्या झाल्या. एका बोटाने शेकडो लोकांना फॉरवर्ड करण्याची सोय आणि मेसेज कंपनीलाही न दिसणारं कुलूप, दोन्ही एकत्र आल्यावर अफवा थांबवायची कुणी?

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. माणसं मारली गेली त्यांच्या घरच्यांसाठी मात्र या सुधारणेला उशीर झाला होता.

आता कोण कुठे?

ब्रायनने २०१८ मध्ये ५ कोटी डॉलर्स घालून सिग्नल फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी केली. सिग्नल ॲप तीच चालवते. गंमत म्हणजे व्हॉट्सॲपच्या कुलपाचं तंत्रही मूळचं सिग्नलचंच. नीरजने जुना सहकारी मायकेल डोनाह्यूसोबत २०२१ मध्ये हॅलोॲप नावाचं जाहिरातींशिवायचं ॲप आणलं, पण व्हॉट्सॲपच्या जवळपासही ते गेलं नाही. जॅन प्रसिद्धीपासून लांबच राहतो.

वापरणाऱ्यांनी यातून काय लक्षात ठेवायचं?

खासगी मेसेज आणि कॉल आजही एन्क्रिप्टेड आहेत. जाहिराती अपडेट्स टॅबमध्ये आहेत, चॅटमध्ये नाहीत. जाहिरात दाखवताना तुमचं शहर, भाषा, तुम्ही फॉलो केलेले चॅनेल अशी माहिती वापरतो, मेसेज वाचत नाही, असं मेटाचं म्हणणं आहे. कोण कुणाशी कधी बोललं, ही माहिती मात्र कुलपाच्या बाहेरच असते. चॅटचा बॅकअप एन्क्रिप्ट करायचा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते वेगळं सुरू करावं लागतं. २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला आणि मेटाने त्याविरुद्ध अपील केलं.

टेबलावरच्या त्या चिठ्ठीतल्या तीन गोष्टींपैकी जाहिरातींची गोष्ट संपली. एन्क्रिप्शन टिकलं. या दोन्हींत एक फरक आहे. जाहिराती नाहीत, हे दोन माणसांनी दिलेलं वचन होतं, ती माणसं गेली आणि वचनही गेलं. एन्क्रिप्शन त्यांनी ॲपमध्येच बांधून ठेवलं होतं. पुढच्या वेळी एखादं नवं ॲप ‘आम्ही तुमची माहिती कधीच विकणार नाही’ म्हणेल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारावेत. हे नुसतं सांगितलंय की ॲपमध्ये तशी रचना केली आहे? आणि उद्या कंपनी विकली गेली, तर हे पाळायला कोण असेल?